बारशाआधीच बाजार

'राक्षस' हा शब्द आपल्याला आजीच्या गोष्टीत पहिल्यांदा भेटतो, पुढे रामायणात भेटतो आणि मोठेपणी वर्तमानपत्राच्या मथळ्यात. हाच शब्द फार पूर्वी संस्कृतातून समुद्र ओलांडून जावा-सुमात्रा बेटांकडे गेला आणि तेथे कायमचा रुजला. इंडोनेशियाच्या भाषेत 'राक्सासा' म्हणजे अवाढव्य. २०१८ साली इंडोनेशिया आणि सिंगापूर येथील शास्त्रज्ञांच्या एका मोहिमेला जाव्याच्या दक्षिणेस, सुमारे एक किलोमीटर खोल पाण्यात, चौदा पायांचा एक प्राणी सापडला. त्याची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीहून जास्त. २०२० साली कॉनी सिदाबालोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्रीय बारसे केले आणि नाव ठेवले 'बॅथिनोमस राक्सासा'. आजीच्या गोष्टीतला शब्द असा प्राणिशास्त्राच्या नामावलीत जाऊन बसला.

कला महाविद्यालयाच्या अंकात या समुद्री जिवाचे काय काम, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की नाव देणे हा भाषेचा व्यवहार आहे, आणि नाव देण्याआधीच एखाद्याला विकून खाणे हा न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे. हे दोन्ही विषय आपल्या वर्गात रोज चालतात. तेव्हा थोडी शास्त्राची वाट तुडवून मी माझे म्हणणे मांडणार आहे. ते थोडक्यात असे: ज्याला आपण राक्षस म्हणतो तो प्राणी स्वभावाने अत्यंत काटकसरी आहे, ज्या गुणांच्या बळावर तो उपासमारीला पुरून उरतो, तेच गुण त्याला पिंजऱ्यापुढे आणि जाळ्यापुढे असहाय करतात, आणि म्हणून त्याची नीट ओळख होण्याआधी त्याला ताटात वाढण्याची जी घाई आज चालली आहे, ती अविचाराची आहे.

प्रथम त्याची ओळख करून घेऊ. पावसाळ्यात अंगणातली कुंडी उचलली की तिच्याखाली ओलीत राखाडी रंगाचे, खवल्याखवल्यांच्या पाठीचे लहान जीव पळताना दिसतात. त्यांतले काही हात लावताच अंगाची गोळी करून बसतात. आपण त्यांना किडे म्हणतो, पण कीटकाला सहा पाय असतात आणि यांना चौदा. हे जीव खेकडा, कोळंबी आणि शेवंड यांच्या कवचधारी घराण्यातले; त्यांच्या गणाला 'आयसोपॉड' म्हणजे 'सारख्या पायांचे' असे नाव आहे. मराठीत आपण त्यांना समपाद म्हणू. या समपादांचा एक भाऊबंद खोल समुद्रात राहतो आणि तो मांजराच्या पिलाएवढा मोठा होतो. त्याच्या प्रजातीचे नाव बॅथिनोमस. तिच्यात आज वीसच्या आसपास जिवंत जाती ज्ञात आहेत.

या प्राण्याचा शोध लागला तो काळही मोठा मनोरंजक होता. एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात एजियन समुद्रातील निरीक्षणांवरून असा तर्क केला होता की तीनशे वावांखाली, म्हणजे सुमारे ५५० मीटरच्या खाली, जीवसृष्टी नसावी. अंधार, थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब यांत कोण जगणार? तर्क सुसंगत होता. फक्त समुद्राला तो मान्य नव्हता. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाच्या सफरीने खोल समुद्र जीवांनी भरलेला असल्याचे दाखवून दिले. पाठोपाठ अलेक्झांडर अगासिझ यांच्या 'ब्लेक' जहाजावरील मोहिमेत मेक्सिकोच्या आखाताच्या भागात एक भलामोठा समपाद जाळ्यात आला, आणि १८७९ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचे 'बॅथिनोमस जायगँटिअस' म्हणून वर्णन केले. जेथे काहीच नसावे असे पंडितांनी ठरवले होते, तेथून फूटपट्टीच्या मापाचा जीव वर आला!

आपल्या देशाचाही या कथेत भाग आहे. 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षण जहाज त्या काळी बंगालच्या उपसागरात काम करीत होते. त्यावर मिळालेल्या बॅथिनोमसची नोंद कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन आणि जहाजावरचे वैद्य व निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९१ साली केली. त्यांनी त्याला अटलांटिकमधल्या भावाचेच नाव दिले, जायगँटिअस. पुढे २००६ साली ऑस्ट्रेलियातील लाउरी आणि डेम्प्सी या संशोधकांनी हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतले नमुने तपासून दाखवले की जायगँटिअस ही जात अटलांटिककडचीच, आणि आपल्या बाजूचे प्राणी निराळ्या जातींचे आहेत. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे आपण आपल्या शेजाऱ्याला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारीत होतो.

आता त्याच्या संसाराकडे वळू. समुद्राच्या त्या तळाशी सूर्यप्रकाश पोचत नाही, त्यामुळे तेथे वनस्पती उगवत नाही. वरून जे पडेल त्यावर गुजराण. मेलेला मासा, माखलीचे अवशेष, कधी काळी एखादा देवमासा. तळाचे पाणी जवळजवळ गोठणबिंदूकडे झुकलेले, आणि दोन जेवणांमधले अंतर किती याचा भरवसा नाही. त्याचे डोळे मोठे, हजारो सूक्ष्म भिंगांचे, अंधुक प्रकाशही परतवून वापरणारे. पण अन्नाचा माग काढायला त्याला मुख्यतः वासावर आणि स्पर्शावर विसंबावे लागते. २०१९ साली लुइझियानातील शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्या आखातात सुमारे दोन किलोमीटर खोल ॲलिगेटर जातीच्या मगरींची कलेवरे ठेवून पाहिली. चोवीस तासांच्या आत हे समपाद हजर होते आणि मगरीची जाड कातडी फोडून आत शिरले होते. आपल्याकडे गावाबाहेर गिधाडे जे काम करीत, तेच काम हा प्राणी समुद्रतळावर करतो.

मिळाले की पोटभर खायचे आणि नाही मिळाले तर गप्प बसायचे, हा त्याचा धर्म. जपानमधील तोबा शहराच्या मत्स्यालयात असा एक प्राणी २००७ साली आणला होता. २ जानेवारी २००९ रोजी त्याने एक मासा खाल्ला. त्यानंतर रखवालदारांनी नाना प्रकारचे खाद्य पुढे केले, पण त्याने तोंड लावले नाही. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो मेला तेव्हा त्याच्या उपवासाला पाच वर्षे आणि त्रेचाळीस दिवस झाले होते. आपल्याकडे चातुर्मासाचे कौतुक आहे. पण हा व्रतस्थ आपल्या सर्वांना भारी पडावा.

एवढे मोठे शरीर आणि एवढी अल्प मिळकत, हा जमाखर्च जुळतो तरी कसा? या कोड्याचे उत्तर शोधायला आता आनुवंशिकी मदतीला आली आहे. २०२२ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दक्षिण चिनी समुद्रातल्या 'बॅथिनोमस जेम्सी' या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. त्याच्या डीएनएच्या पोथीत सुमारे ५८९ कोटी अक्षरे निघाली. माणसाच्या पोथीत सुमारे ३१० कोटी आहेत. म्हणजे कुंडीखालच्या किड्याच्या या भाऊबंदाची पोथी आपल्या जवळजवळ दुप्पट!

यामुळे कोणाच्या अभिमानाला धक्का बसण्याचे कारण नाही. या पोथीचा सुमारे ८४ टक्के भाग म्हणजे त्याच त्या मजकुराची पुनरावृत्ती आहे. डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या नकला करून जागा बदलत राहतात. बार्बारा मॅक्लिंटॉक या विदुषीने मक्याच्या दाण्यांच्या रंगांवरून अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा छडा लावला आणि त्याबद्दल त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एखादा लेखनिक जुनी पोथी उतरवताना पेंगत पेंगत तीच ओवी पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, तर पोथी जाड होईल, कथा तेवढीच राहील. ग्रंथाची जाडी आणि त्याची थोरवी यांचा संबंध नसतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको.

खरी मौज उरलेल्या मजकुरात आहे. इतर समपादांशी तुलना केली तेव्हा या प्राण्यात जनुकांची काही कुटुंबे विस्तारलेली आढळली. त्यांतली अनेक इन्शुलिन आणि अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांच्या संदेशमार्गांशी निगडित आहेत; शरीर मोठे होण्यामागे त्यांचा हात असावा, असे या शास्त्रज्ञांना वाटते. साखर जाळून ऊर्जा मिळवण्याशी आणि पेशीतल्या मालवाहतुकीशी संबंधित काही जनुके त्याच्या पचनेंद्रियांत विशेष कामाला लागलेली दिसली. उलट साठवलेली चरबी मोडण्याची त्याची चाल मंद, आणि विश्रांतीतला चयापचय हळू. सारांश असा की अन्न मिळेल तेव्हा कोठार भरायचे, नीट पचवायचे आणि कोठाराची कडी अगदी जपून काढायची. कोकणात दर्याला उधाण असताना घरात सुकवलेले बोंबील पुरवून पुरवून वापरणारी गृहिणी आणि हा प्राणी यांचे अर्थशास्त्र एकच. ज्याचा देह राक्षसाचा वाटला, त्याची वृत्ती संसारी माणसाची निघाली.

पण काटकसरी घरात मुले फार नसतात. मादी आपली अंडी छातीखालच्या पिशवीत वाढवते. अंडी मोठी, जवळजवळ सेंटिमीटरभर व्यासाची. समुद्रातील अपृष्ठवंशी प्राण्यांत एवढी मोठी अंडी क्वचितच आढळतात. पिशवीतून बाहेर पडणारे पिलू आईचीच छोटी प्रतिमा असते, फक्त पायांची शेवटची जोडी फुटायची असते. खेकडे आणि कोळंबी यांच्या असंख्य सूक्ष्म अळ्या पाण्यावर तरंगत, प्रवाहाबरोबर दूरदूर जातात आणि नव्या जागी वस्ती करतात. या प्राण्याच्या बालपणात तो प्रवासाचा टप्पाच नाही. पिलू जेथे जन्मते, त्याच तळावर चालू लागते.

याचे दोन परिणाम होतात, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार या दोन परिणामांवर आहे. पहिला असा की वेगवेगळ्या समुद्रांतल्या, वेगवेगळ्या उतारांवरच्या वस्त्या एकमेकींपासून तुटून राहतात आणि दीर्घ काळात त्यांच्या निराळ्या जाती बनू शकतात. बाहेरून मात्र त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. मेक्सिकोच्या आखातातलेच उदाहरण पाहा. युकातान द्वीपकल्पाजवळ २०१७ साली पकडलेला एक प्राणी प्रथम जायगँटिअसच वाटला. बारीक शरीररचना आणि डीएनए ताडून पाहिल्यावर तो निराळा ठरला आणि २०२२ साली 'बॅथिनोमस युकातानेन्सिस' हे नाव त्याला मिळाले. ज्या आखाताशी या प्राण्याच्या पहिल्या ओळखीची कथा जोडलेली आहे, तेथेच दुसरी जात ओळखायला १४३ वर्षे लागली. दुसरा परिणाम असा की एखाद्या उतारावरची वस्ती उपसून काढली, तर ती पुन्हा भरायला बाहेरून अळ्यांचा लोंढा येणार नाही. उरलेल्या मूठभर माद्यांनी, मोजक्या अंड्यांतून, सावकाश ती भरायची.

आता बाजाराकडे येऊ. व्हिएतनाममध्ये या प्राण्याला 'समुद्रातला किडा' अशा अर्थाचे नाव आहे. २०१७ पर्यंत तो तेथील कोळ्यांच्या जाळ्यात चुकून येई आणि स्वस्तात विकला जाई. मग प्रसारमाध्यमांनी त्याची कीर्ती केली, त्याची चव शेवंडीपेक्षाही सरस असल्याचे कोणी सांगितले, आणि पाहता पाहता तो श्रीमंती पदार्थ बनला. हनोईसारख्या शहरांच्या मासळीबाजारात तो जिवंत विकला जाऊ लागला. २०२३ साली तैपेईतल्या एका उपाहारगृहाने शेवयांच्या वाडग्यावर हा प्राणी सबंध ठेवून वाढायला सुरुवात केली आणि त्याची छायाचित्रे जगभर फिरली.

अशा वेळी २०२२ साली व्हिएतनाममधल्या क्वी न्योन येथील विक्रीतून घेतलेले काही नमुने शास्त्रज्ञांच्या हाती आले. ते तपासले तेव्हा लक्षात आले की ही जात आजवर कोणी नोंदलेलीच नाही. २०२५ च्या जानेवारीत तिचे नाव जाहीर झाले: 'बॅथिनोमस वेडेराय'. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या डार्थ व्हेडर या खलपुरुषाच्या शिरस्त्राणासारखे तिचे डोके दिसते म्हणून हे नाव. इकडे राक्षस, तिकडे खलनायक. बिचाऱ्याच्या वाट्याला नावे आली तीही अशी!

मित्रहो, या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०२२ साली दक्षिण चिनी समुद्रातल्या एका जातीची ५८९ कोटी अक्षरांची पोथी माणसाने वाचून काढली. त्याच वर्षी, त्याच समुद्रातली तिची बहीण निनावी अवस्थेत तराजूत तोलली जात होती. एका हाताने आपण अक्षर न् अक्षर लावतो आहोत आणि दुसऱ्या हाताने न वाचलेली पाने चुलीत घालतो आहोत. यात विज्ञानाचा दोष नाही. जिभेची गती आणि बुद्धीची गती यांत जे अंतर पडले आहे, त्याचा हा दोष आहे.

हे अंतर किती महाग पडते याचा धडा समुद्राने आपल्याला एकदा दिलेला आहे. 'ऑरेंज रफी' नावाचा एक खोल पाण्यातला मासा आहे. त्याच्या कुळाचे इंग्रजी नाव 'स्लाइमहेड', म्हणजे बुळबुळीत डोक्याचा. त्या नावाने तो कोणाच्या ताटात गेला नसता, म्हणून बाजाराने गोड नाव उचलले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या समुद्रात त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. हा मासा शंभराहून अधिक वर्षे जगतो आणि प्रजननक्षम व्हायला त्याला दोन-तीन दशके लागतात, हे लोकांच्या ध्यानात येईपर्यंत अनेक ठिकाणचे साठे कोसळले होते. ऑस्ट्रेलियाने २००६ साली त्याला संरक्षणाची गरज असलेल्या जातींत घातले. थंड पाण्यात सावकाश वाढणाऱ्या जिवाचे गणित उथळ पाण्यातल्या मासळीच्या गणिताने सोडवता येत नाही, एवढेच त्यातून शिकायचे होते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप कोळ्यांच्या बाजूने. समुद्रात जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला चार पैसे अधिक मिळत असतील तर शहरात पंख्याखाली बसून लेख लिहिणाऱ्याने त्याला उपदेश का करावा? मला हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच मी बंदीची मागणी करीत नाही. पण ऑरेंज रफीच्या उदाहरणात साठा कोसळल्यावर जाळी रिकामी राहिली ती कोणाची? शहरातला खवय्या दुसऱ्या पदार्थाकडे वळतो. कोळ्याला दुसरा समुद्र नसतो. मर्यादा घालणे हे कोळ्याच्याच उद्याच्या हिताचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. बाजार नसता तर वेडेराय ही जात शास्त्रज्ञांना सापडली असती का? कदाचित नसती, हे मी कबूल करतो. कोळ्याचे जाळे हे विज्ञानाचे जुने साहाय्यक आहे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. बाजारात नवी, अनोळखी जात दिसली तर पहिले काही नमुने प्रयोगशाळेकडे जावेत, त्यांची जात ठरावी, त्या कोठून आल्या याची नोंद व्हावी, आणि मग किती पकडावे याचा हिशेब व्हावा. ओळख, मोजणी, मर्यादा आणि मग ताट, असा हा क्रम आहे. ज्याला नावच नाही त्याची मोजणी कोणत्या रकान्यात करणार? आणि ज्याची मोजणी नाही ते कमी झाले, हे कळणार तरी कसे?

येथे कला शाखेचे काम सुरू होते असे मला वाटते. १९७३ साली आपल्या देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा वाघासाठी लोकांचे मन वळवणे फार अवघड गेले नसावे. वाघ आपल्या कथांत, देवीच्या वाहनात, म्हणींत आधीपासून होता. देखण्या प्राण्याला वकील मिळतात. चौदा पायांच्या, अंधारात प्रेते खाऊन तळ स्वच्छ ठेवणाऱ्या जिवाला वकील कोण मिळणार? त्याची बाजू मांडायला शब्द लागतात. शास्त्रज्ञ त्याची जनुके वाचतील. ती वाचलेली गोष्ट चार लोकांना समजेल अशा मराठीत सांगणे आणि 'राक्षस' या शब्दामागे दडलेला सोशिक संसारी जीव दाखवणे हे आपल्या हातचे आहे. आपल्या प्राध्यापकवर्गाने वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांना तेच ते विषय न देता एखादा विषय समुद्राच्या तळाचाही द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. एवढा लांब किनारा लाभलेल्या महाराष्ट्राला ती जड जाऊ नये.

पाच वर्षे अन्नाविना काढणाऱ्या या प्राण्याला घाई माहीत नाही. घाई आपल्याला आहे. आपण आणखी थोडी वर्षे दम धरला, आधी नीट ओळख करून घेतली, तर त्याचे काही बिघडणार नाही आणि आपण उपाशीही राहणार नाही. घरात मूल जन्माला आले की आपण पाळणा बांधतो, नाव ठेवतो, कानात हळूच ते सांगतो. व्यवहाराचे बाकीचे सारे त्यानंतर येते. समुद्रातल्या जिवांच्या बाबतीत एवढी रीत पाळणे, हे सुसंस्कृत म्हणवणाऱ्या माणसाला अशक्य नसावे.

— तृतीय वर्ष, कला